वर गवत, खाली सुख

आमच्या आईला खोटी दया चालायची नाही. खरीही फारशी चालायची नाही, पण खोटीवर तिचा विशेष राग होता. पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका शाळेच्या वरच्या मजल्यावर, शाळा सुटल्यावर, ती जपानी शिकवायची. उमेदीची सगळी वर्षं तिने त्या एका खोलीत घालवली. तिच्या हाताखालून गेलेले इंजिनिअर आणि भाषांतरकार आज निम्म्या जगात पसरलेत, आणि त्यातला एकही तिची आठवण काढताना हसत नाही. मी त्यातलीच एक. मिशिगनमध्ये, ॲन आर्बरला, मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत मी जपानी ड्रॉइंगं इंग्रजीत करते. माझी भाकरी आईच्या जपानीवर आहे, हे तिने मला कधी विसरू दिलं नाही.

जपानीत दोन तऱ्हेची अक्षरं असतात. एक काना, म्हणजे आपल्या बाराखडीसारखी आवाजाची अक्षरं. ऐकलं तसं लिहायचं. दुसरी कांजी, चिनी चित्रांची. तिथे आवाज मदतीला येत नाही. प्रत्येक अक्षराचं चित्र डोक्यात जसंच्या तसं असावं लागतं, आणि अशी अक्षरं हजारोंनी. जपानी माणूस एखादं कांजी विसरला की तळहातावर नाहीतर हवेत बोट फिरवतो. डोकं विसरलं तरी हाताला आठवतं. ही त्यांची साधी, निरुपद्रवी सवय. ती उचलून तिची शिक्षा करणं हे फक्त पुण्यातच होऊ शकतं.

आईचा नियम असा होता. जो कांजी विसरेल त्याने उठायचं, वर्गाकडे पाठ करून भिंतीसमोर उभं राहायचं, उजवा हात वर करायचा आणि बोटाने ते अक्षर हवेत मोठं लिहायचं. वर्गातल्या कुणाला तरी ते वाचता आलं पाहिजे. तोवर हात खाली घ्यायचा नाही. पाठ वर्गाकडे, त्यामुळे कोण हसतंय, कोण कीव करतंय, काही दिसायचं नाही. नुसते बाकांचे करकर आवाज ऐकू यायचे.

मी बारा वर्षांची असताना अशी उभी राहिले होते. वर्गात मी तिला आई म्हणायचं नाही, सेन्सेई, म्हणजे गुरू, म्हणायचं, हाही नियमच. माझा हात भरून आला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तेव्हा पहिल्या बाकावरच्या कॉलेजातल्या एका ताईला माझी दया आली. तिने मोठ्याने शब्द सांगून टाकला. म्हणाली, "वाचलं, सेन्सेई." आईने तिला शांतपणे विचारलं, "शेवटची रेघ कुठून कुठे गेली?"  मग ताईही माझ्या शेजारी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. "दया हा आळशी माणसांचा छंद आहे," आई म्हणाली. घरी आल्यावर तिने मला तव्यावरची गरम पोळी वाढली, वर तूप घातलं, आणि मी दुसरा घास घेताना म्हणाली, "आता लिहून दाखव."

खोटं वाचणारा तिला नेहमी कळायचा. पाठ असायची एकाची, तोंड उघडायचा दुसरा, पण आईला आवाजावरून कळायचं. या बाबतीत तिला कुणी कधी फसवू शकलं नाही.

वर्ग मुळात तिचा नव्हता, सरांचा होता. सरांनीच तिला जपानी शिकवलं होतं. गोरे, ठेंगणे, सदैव खादीचा सदरा, आणि फळ्यावरचं अक्षर छापल्यासारखं. सत्तरीला आले तेव्हाही शिकवत होते. एका संध्याकाळी ते 'औषध' हे कांजी लिहायला लागले. वर गवत, खाली सुख: ते औषध, असं त्यांनीच पिढ्यान् पिढ्या मुलांना पाठ करून दिलेलं. त्या अक्षराच्या वरच्या भागाचा अर्थ गवत, खालच्याचा सुख. सरांनी गवत काढलं आणि खडू थांबला. त्यांचं बोट सदऱ्याच्या खिशाशी हलत होतं, कापडावरच काहीतरी लिहीत होतं.  आई तेव्हा मागच्या बाकावर बसून वह्या तपासायची. ती उठली, मधल्या वाटेने चालत गेली, सरांच्या हातातला खडू घेतला आणि गवताखाली सुख काढून मोकळी झाली.  पुढच्या आठवड्यापासून वर्ग तिचा. सर पुन्हा त्या जिन्याची पायरी चढले नाहीत. मला तेव्हा आईचा इतका अभिमान वाटला होता की छाती फुगली होती. लहान मुलांना जिंकणारा माणूस आवडतो.

बाबा गेल्यावर, २००५ च्या उन्हाळ्यात, आई माझ्याकडे आली. माझं लग्न मोडून काही वर्षं झाली होती आणि घरात एक खोली रिकामी होती. आईने खोली पाहिली, मला पाहिलं आणि म्हणाली, "अक्षर असो की संसार, तू शेवटची रेघ कधी पुरी केली नाहीस." इतकं म्हणून तिने बॅग उघडली. सहा महिन्यांनी परत जायचं, वर्ग पुन्हा सुरू करायचा, असं तिचं ठरलेलं होतं. परतीचं तिकीट माझ्या भावाने काढून ठेवलं होतं. भाऊही अमेरिकेतच, चँडलरला, चिपच्या कंपनीत. तोवर वर्ग तिची एक जुनी विद्यार्थिनी सांभाळत होती. दर रविवारी तिचा फोन यायचा. "सेन्सेई, कधी येताय? मुलं वाट बघतायत." आई फोन ठेवून म्हणायची, "फार गोड बोलते. इतकं गोड मी सरांशीही बोलत नव्हते."

हिवाळा लागला तसं मला एकेक दिसायला लागलं. ती बसने ग्रंथालयात जायची. एकदा शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन तिथेच बसून राहिली. बर्फात उभ्या बसच्या ड्रायव्हरने तिच्या पर्समधला माझा नंबर शोधून फोन केला. एकदा कुकर शिट्ट्या मारमारून थकला आणि ती शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसली होती. पेपर जपानी होता, आणि ती तो घडाघडा वाचत होती. तिथेच तर सगळं अडायचं. वाचण्यात ती तसूभर कमी झाली नव्हती. माझ्या ऑफिसातलं ड्रॉइंग तिच्यापुढे ठेवलं तर कोपऱ्यातली बारीक टीपसुद्धा वाचायची आणि मी ती चुकीची समजले हेही सांगायची.

भावाला फोनवर हे ऐकून आनंद झाला. "ताई, यू आर ओव्हररिॲक्टिंग यार. परवा मी तिला मशीनच्या मॅन्युअलचं एक पान स्कॅन करून पाठवलं, तर तिने मला पूर्ण एक्सप्लेन केलं. इतकं शार्प माझ्या टीममध्ये कुणी नाही. शी इज फाइन."

"कुकर जळला," मी म्हटलं.

"माझापण जळतो."

मी तिला मेमरी क्लिनिकमध्ये घेऊन गेले. पहिला डॉक्टर गोरा, तरुण, अतिशय सौजन्यशील. त्याने आजची तारीख विचारली, तिने सांगितली आणि वर त्याच्या भिंतीवरचं कॅलेंडर मागच्या महिन्यावर राहिलंय हेही सांगितलं. शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं. ती थांबेचना, त्यालाच हात करून तिला थांबवावं लागलं. घड्याळ काढायला सांगितलं, तर माझ्याकडे बघून मराठीत म्हणाली, "बालवाडीत आणलंस का मला?" आणि काढलं. डॉक्टर खूश होता. त्याला फक्त एकाच गोष्टीची काळजी वाटत होती. प्रश्नांच्या मधे आईचं उजवं बोट मांडीवर सारखं हलायचं. त्याने ते टिपून ठेवलं आणि मला म्हणाला, हाताची ही अस्वस्थता त्रासदायक वाटत असेल तर गोळी देता येईल. मी त्या बोटाकडे बघत होते. मला त्या रेघांचा क्रम कळत होता. बोट अस्वस्थ नव्हतं, लिहीत होतं. एकाच अक्षराचा वरचा भाग पुन्हा पुन्हा लिहीत होतं. आणि हा शहाणा माणूस ते थांबवायला गोळी द्यायला निघाला होता.

मी हट्ट केला तेव्हा त्यांनी आम्हाला आतल्या एका डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. त्या जपानी होत्या, पन्नाशीच्या, आणि त्यांनी आईला पहिल्याच वाक्यात सेन्सेई म्हटलं. आई विरघळली. दोघी खूप वेळ जपानीत बोलल्या, हसल्या. मग बाईंनी कागद पुढे केला आणि साधे साधे शब्द कांजीत लिहायला सांगितले. घड्याळ. चष्मा. स्टेशन. आईने प्रत्येक शब्द काना वापरून लिहिला, सुबक, वळणदार. बाई म्हणाल्या, कांजीत लिहा. आई म्हणाली, काना अक्षरांतही बरोबरच असतं. "हो, बरोबरच असतं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी कागद तिच्यासमोरच राहू दिला. आईचं बोट टेबलाखाली गेलं.

नंतर मला बाजूला बोलावून बाईंनी समजावलं. वय झालं की कांजी लिहायला थोडं जड जाणं कुणालाही होतं, त्यांच्या स्वतःच्या आईलाही होतं. अक्षर समोर दिसलं तर ओळखायचं असतं. लिहायचं म्हणजे रिकाम्यातून ते चित्र उभं करायचं असतं. ओळखणं खूप उशिरापर्यंत टिकतं. उभं करणं आधी जातं. काना कानावर तरते, कारण तिथे आवाज धरायला असतो. "तुमच्या आई वाचतात तेव्हा अगदी तरुण आहेत," त्या म्हणाल्या. "लिहितात तेव्हा नाहीत. आणि हे नुसत्या वयाचं नाही. त्यांनी एकट्यानं राहू नये." मी विचारलं, शिकवू शकतील का? बाईंनी खूप सभ्यपणे छताकडे पाहिलं.

गाडीत आई म्हणाली, "काय म्हणाली ती?"

मी सांगितलं. मलाही तिच्याकडूनच आलंय, लपवाछपवी जमत नाही.

आई बाहेर बघत होती. रस्त्याच्या कडेला मीठ टाकलेला काळा बर्फ साचला होता. मग म्हणाली, "मी परत गेले, फळ्यासमोर उभी राहिले आणि खडू थांबला, तर ती मागच्या बाकावरून उठेल."

"कोण?"

"गोड बोलणारी." आणि थोड्या वेळाने, "उठावंच. मी तिला तसंच शिकवलंय."

त्या रात्री तिला जेवण गेलं नाही, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. दुसऱ्या दिवशी, शनिवारी दुपारी, ती अंगातला गाउन बदलून वर्गात नेसायची ती किनखापी काठाची साडी नेसून बाहेर आली. अमेरिकेत आल्यापासून ती गाउनमध्ये आणि माझ्या स्वेटरांमध्ये वावरत होती. 

"डॉक्टरांच्या टेस्टा मला मान्य नाहीत," ती म्हणाली. "माझी टेस्ट मी घेणार. तू वर्ग हो. मी लिहिते, तू वाच. वाचलंस तर मी जाणार. नाही वाचलंस तर तिकीट रद्द कर, मी एक शब्द बोलणार नाही. कबूल?"

"आई, कशाला हे?"

"वर्गात आई म्हणायचं नाही."

"कबूल, सेन्सेई."

"सरांचं अक्षर," ती म्हणाली. "औषध."

हे तिनेच निवडलं. मी दुसरं सोपं सुचवणार होते: पाणी, डोंगर, काहीही. पण तिला जिथे तिने दुसऱ्याला संपवलं तिथेच स्वतःला उभं करायचं होतं. तिला काय म्हणावं मला कळत नाही. माझ्या मनात तेव्हा तिच्याबद्दल राग होता आणि आदर होता, आणि राग थोडा जास्त होता. मी सोफ्यावर बसले. ती माझ्याकडे पाठ करून खिडकीसमोर उभी राहिली, पदर खोचला आणि हात वर केला.

बोट चालू लागलं. एक आडवी रेघ. तिच्यावर दोन छोट्या उभ्या. गवत. सुरेख, ठाम गवत, जसं सरांचं होतं. मग बोट थांबलं. मग पुन्हा आडवी रेघ, दोन उभ्या. पुन्हा गवत. मी वाट पाहत होते की आता खाली उतरेल. ते वरच राहिलं. खिडकीबाहेर अंगण पांढरंशुभ्र होतं आणि त्यावर माझी आई एकावर एक गवत काढत होती.

"वाच," ती म्हणाली.

"वाचता येत नाही, सेन्सेई."

तिने हात झटकला, पुन्हा उचलला. पुन्हा तेच. तिची मान ताठ होती, अंबाडा घट्ट होता, मागून ती अजिबात म्हातारी दिसत नव्हती. फक्त दंडाची कातडी पोलक्याबाहेर लोंबत होती आणि हळूहळू थरथरायला लागली होती.

"वाच."

"नाही येत."

"कुणालाच नाही येत?" तिने विचारलं. माझ्या बैठकीच्या खोलीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

 "मग हात वरच राहील," ती म्हणाली, आणि राहिला. नियम तिचा होता. तिच्यासमोर काचेवर तिचा श्वास साचत होता, विरत होता. हात कोपरापासून हलायला लागला, तरी बोट थांबेना. गवत, गवत. माझा स्वतःचा उजवा खांदा दुखायला लागला, बारा वर्षांची असताना दुखला होता तसा. मला तेव्हा वाटलं होतं की या बाईला एकदा तरी असं उभं केलेलं बघायला मिळावं. देवाने ऐकलं म्हणायचं. बघायला मिळत होतं, आणि मला ते सहन होत नव्हतं.

मी ठरवलं की खोटं बोलायचं. त्यात मला धोका वाटत नव्हता. माझी खात्री होती की ती मला पकडणार. तिने पकडावं म्हणूनच तर मी बोलणार होते. ती वळेल, विचारेल, "शेवटची रेघ कुठून कुठे गेली?" मी गप्प बसेन. मग ती मला मूर्ख म्हणेल, आळशी म्हणेल, शेजारी उभी करेल. मी आनंदाने उभी राहिले असते. मी तिकीटसुद्धा रद्द केलं नसतं. जिला खोटी दया अजून ओळखता येते, ती बाई पुण्यात एकटी राहिली असती तर माझी काही हरकत नव्हती, कुकर गेला चुलीत.

"वाचलं," मी म्हटलं. माझा आवाज चांगलाच फाटला होता. "वाचलं, सेन्सेई. औषध."

हात खाली आला. ती वळली. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले, त्या प्रश्नाची वाट बघत. तिचं तोंड फुललं होतं. पास झालेल्या मुलीचं असतं तसं. इतकं खूश मी तिला कधी पाहिलं नव्हतं, बाबा असतानाही नाही.

"बघ!" ती म्हणाली. "हाताला आठवतं. सांग त्या तुझ्या बाईला." दंड चोळत चोळत ती माझ्याजवळ आली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. असंही तिने कधी केलं नव्हतं. "तू वाचलंस गं. तुला येतं. मी उगीच तुला ढ म्हणत आले."

मी म्हटलं, "हो."

"चहा टाकते. आलं आहे ना?"

"फ्रिजमध्ये आहे."

ती आत गेली. मग गॅसचा खटका वाजला, भांडं लागलं, आणि ती गुणगुणायला लागली. मी भावाचा नंबर फिरवला.

"आईचं तिकीट कॅन्सल कर," मी हळू आवाजात म्हटलं.

"अगं पण का? व्हॉट हॅपन्ड? टेस्ट घेतलीस का परत? फेल झाली?"

आतून आल्याचा वास यायला लागला होता. "नाही," मी म्हटलं. "पास झाली."